गाडी जाईपर्यंत थांब

आमच्या घरात बोलणं नेहमी मध्येच थांबायचं. अंबरनाथला रुळांच्या कडेला रेल्वेची क्वार्टर्स होती. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीतून हात लांब केला तर गाडीला लागेल असं वाटावं इतके रूळ जवळ. गाडी आली की आई बोलता बोलता हात वर करायची, तळवा आमच्याकडे. म्हणजे थांब. गाडी निघून गेली की जो शब्द अर्धा राहिला असेल तिथूनच पुढे सुरू. रागावत असली तरी तसंच. मालगाडी आली तर मार पुढे ढकलला जायचा, पण चुकायचा नाही. खांद्यावर हातोडा घेऊन अंबरनाथ ते बदलापूर रूळ तपासत चालणाऱ्या कीमॅनची ती बायको होती. गाडीवर आवाज चढवणं तिला उद्धटपणा वाटायचा.

वडील नोकरीत असतानाच गेले. आजारपणाने गेले, रुळावर नव्हे. रेल्वेत अशा वेळी घरातल्या एकाला नोकरी मिळते, आणि कोणाला द्यायची ते विधवेने सांगायचं असतं. मी थोरला. दहावी झालेलो, वडिलांचा डबा घेऊन रुळाने त्यांच्यामागे चालत गेलेलो. सगळ्या क्वार्टर्सनी गृहीतच धरलं होतं की नोकरी माझी. वडिलांचा मुकादम तर मला गमतीने ‘या साहेब’ म्हणायला लागला होता.

आईने धाकट्याचं नाव दिलं.

मी तिला तेव्हाच विचारलं, का. ती म्हणाली, “सांगीन कधीतरी.” मग लग्नात विचारलं, माझं घर झालं तेव्हा विचारलं, एकदा तर भर दिवाळीत ताटावरून उठून विचारलं. “सांगीन रे मोठ्या.” आम्हा दोघांना ती मोठ्या आणि धाकल्या अशीच हाक मारायची. सांगितलं मात्र कधीच नाही.

धाकटा इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस म्हणून लागला, परीक्षा देत देत असिस्टंट झाला, मग ड्रायव्हर. मी उल्हासनगरला गेलो. एका सिंधी शेठच्या पडद्यांच्या दुकानाबाहेर तागे उचलले. शेठने मला धंदा शिकवला. म्हणायचा, “पहिला भाव ऐकून हसायचं, दुसरा ऐकून उठायचं, तिसऱ्याला चाय मंगवायची.” आज त्याच गल्लीत माझं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे, बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट आहे. कोणाच्या मेहेरबानीने नाही. मी भांडून घेतलं, ओरडून घेतलं. सुरतेचा व्यापारीसुद्धा माझ्याशी फोनवर बोलताना आधी पाणी पितो असं बाजारात म्हणतात. पण एका गोष्टीचा भाव मला कधीच करता आला नाही. त्या एका ‘का’चा.

धाकट्याशी माझं बोलणं कामापुरतं होतं. लग्नकार्य, आईची औषधं, एवढंच. तो कर्जतच्या क्वार्टर्समध्ये राहायचा आणि बँकर चालवायचा. घाट चढायला एका इंजिनाची ताकद पुरत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं लावतात. ती लोणावळ्यापर्यंत मागून ढकलतात आणि तिथे सुटून परत येतात. बँकर म्हणजे ही इंजिनं. लोक खिडकीतून धबधबे बघतात, मागे कोण ढकलतंय ते कोणी बघत नाही. मी त्याला एकदा टोचून म्हटलंही होतं, “एवढी नोकरी मिळाली, आणि आयुष्यभर लोकांच्या गाड्यांना धक्का मारतोस.” तो हसला होता. त्याचं ते हसणं मला अजून खुपतं.

आई पावसाळ्यात थोडे दिवस माझ्या बहिणीकडे, तिच्या सासरी चिंचवडला गेली होती. एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, बहिणीचा फोन आला.

“दादा, आईला रात्रीपासून बरं नाही. आता हॉस्पिटलात आणलंय. डॉक्टर म्हणतात, सगळ्यांना बोलवा.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“म्हणजे ये रे तू. लगेच ये.”

कात्रपवरून रिक्षाने स्टेशनवर आलो. बाहेर टॅक्सीवाले उभे होते. मी घासाघीस केली नाही. जो भाव सांगितला त्याला हो म्हटलं. तसं करताना माझ्या स्वतःच्याच कानाला विचित्र वाटलं. टॅक्सीवाला मान हलवत म्हणाला, “काका, पैसे घेईन मी, पण पोचवणार नाही. घाटात कंटेनर आडवा झालाय. रेल्वेनेच जा.”

आम्हा बदलापूरकरांची एक जुनी सवय आहे. पुण्याला जायचं तर उलटं कल्याणला जायचं नाही. लोकलने कर्जत गाठायचं आणि बँकर लावायला थांबलेली गाडी पकडायची. मी तेच केलं. लोकलमध्ये बसून बहिणीला फोन लावला.

“धाकल्याला कळवलंस का?”

“त्याचा फोन बंद आहे, दादा. ड्युटीवर आहे. इंजिनात फोन चालू ठेवता येत नाही ना त्याला. ऑफिसात निरोप दिलाय. ते म्हणतात बदली माणूस शोधतो, लोणावळ्याला मिळाला तर सोडतो.”

“मिळाला तर? आई मरतेय म्हणावं!”

“माझ्यावर कशाला ओरडतोस?”

खरं होतं. पण मग कोणावर ओरडू?

कर्जतला एक्सप्रेस उभीच होती. मी शेवटच्या डब्याकडे धावलो, कारण जिना तिथेच उतरतो. मागे बँकर लागत होता. जोडताना गाडीला जो हलका धक्का बसतो तो मला पायाखाली कळला. डब्यात चढताना मी मागे पाहिलं. मधल्या इंजिनांच्या पलीकडे, अगदी शेवटच्या खिडकीत, तो होता. त्यानेही मला पाहिलं. हात केला नाही. मीही केला नाही. म्हणजे निरोप त्याला पोचला होता. नाहीतर मला त्या वेळी तिथे पाहून त्याने निदान भुवई वर केली असती.

गाडी निघाली. पळसदरी गेलं. पाऊस बारीक होता, डोंगरावरून पाणी वाहत होतं. लोक मोबाइलवर फोटो काढत होते आणि मला प्रत्येकाचा मोबाइल खाली फेकून द्यावासा वाटत होता. ठाकूरवाडीच्या जवळ गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि थांबली.

आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग दारात गर्दी झाली. तिकीट तपासनीस आले. मी त्यांना अडवलं.

“साहेब, का थांबली?”

“पुढे दरड आलीये थोडी. दगड काढतायत.”

“किती वेळ?”

“ते दगडाला विचारायला लागेल.”

“माझी आई हॉस्पिटलात आहे. तुम्ही पुढे फोन करा, कोणाशी बोलायचं ते मी बोलतो. काय लागेल ते सांगा. इथून खाली उतरून रस्त्याने जायची काही सोय...”

ते चांगले होते, चिडले नाहीत. “काका, इथे रस्ता नाही. दरी आहे.”

खिडकीत बसलेला एक कॉलेजचा मुलगा मित्राला म्हणाला, “डोंगराची फिक्स प्राइस असते, बार्गेनिंग नाही.” त्याला माहीत नव्हतं की मी सगळं ऐकलं होतं. त्याच्या कानाखाली वाजवायला हात उचलला गेला होता, पण तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला आणि कट झाला. नेटवर्क येत-जात होतं. मी दारातून खडीवर उतरलो. तपासनीस मागून ओरडले, “ओ काका, चढा वर!” मी मागे, इंजिनांच्या दिशेने चालत सुटलो. फोनवर सिग्नलची एक काडी दिसायची, दोन दिसायच्या, जायच्या.

खडीवर चालायचं वडिलांनी शिकवलं होतं, खडीवर पाय आपटायचा नाही, ठेवायचा. त्या दिवशी मी आपटत चाललो होतो. शेवटच्या इंजिनापाशी पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात आईसुद्धा नव्हती. फक्त तो होता, वर खिडकीत, कोरडा.

“ढकल ना!” मी खालून ओरडलो. “एवढी इंजिनं घेऊन बसलायस, ढकल!”

“दादा, वर जा डब्यात. पाय घसरेल.”

“आई चाललीये तिकडे!”

“माहितीये मला.”

“मग?”

“पुढचा सिग्नल लाल आहे. पुढचा ड्रायव्हर हॉर्न देतो, मग मी द्यायचा, मग दोघांनी मिळून ताकद लावायची. मी एकट्याने ढकललं तर डबे रुळावरून उचलले जातील. तुला नाही कळणार.”

“नाही कळणार! कसं कळेल? कळायची नोकरी तुला मिळाली ना. मला कोणी दिली?”

त्याने खिडकीच्या कडेवर हात घट्ट धरला. त्याचा असिस्टंट, एक तरुण पोरगा, दुसरीकडे बघायला लागला.

“आज हे काढायचं होतं, दादा?”

“मग कधी काढू? तीस वर्षं...”

फोन वाजला. बहीण रडत होती. म्हणाली, “दादा, श्वास लागलाय. काहीतरी बोलतेय पण कळत नाही. डॉक्टर म्हणतात ऐकू येतंय तिला. फोन तिच्या कानाला लावते, बोल तू.”

मी बोललो, “आई.” पलीकडे घरघर ऐकू आली, आणि तिच्यात बारीक आवाज, काहीतरी पुटपुटल्यासारखा. मला ते विचारायचं होतं. खरं सांगतो, तेव्हाही तेच विचारायचं होतं. ओठांवर आलं होतं. मी वर पाहिलं तर तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकला होता, आणि त्याचा चेहरा अगदी लहानपणी मालगाडीच्या आवाजाला घाबरायचा तसा झाला होता.

“आई आहे का?” तो म्हणाला.

त्याला फोन हातात घेता येत नव्हता. तो नियम होता, आणि नियम नसता तरी माझा हात तिथवर पोचत नव्हता. मी टाचा उचलल्या आणि फोन जितका वर जाईल तितका वर धरला.

“बोल. पटकन बोल.”

त्याने तोंड उघडलं. त्याच क्षणी गाडीच्या पार दुसऱ्या टोकाकडून, वळणाच्या पलीकडून, पुढच्या इंजिनाचा हॉर्न आला. त्याचा हात आत गेला. उत्तर द्यायलाच लागतं. त्याने हॉर्न दिला. त्या डोंगरात, माझ्या डोक्यावर, माझ्या हातातल्या फोनवर तो आवाज कोसळला. मला वाटतं त्याने तो जरा जास्तच लांबवला.

गाडीने झटका घेतला. मी धावलो. गार्डने दारातून माझी कॉलर धरून मला त्याच्या डब्यात ओढलं आणि जी शिवी दिली ती मी मुकाट्याने खाल्ली. फोन कानाला लावला. बोगदा आला. काहीच नव्हतं.

लोणावळ्याला बँकर सुटला. बदली माणूस आला नव्हता. मी खिडकीतून त्याला परत कर्जतच्या दिशेने जाताना पाहिलं, पाठमोरा.

चिंचवडला मी पोचलो तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

बहीण बाहेरच्या बाकावर होती. मी शेजारी बसलो. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “तो कसला आवाज केलात रे फोनवर?”

“धाकल्याचा हॉर्न होता.”

तिने माझं मनगट धरलं.

“काय झालं?”

“दादा, तू ‘आई’ म्हणालास ना, तेव्हा तिने डोळे उघडले. स्पष्ट बोलली. मला म्हणाली, ‘मोठ्याला सांग...’ आणि तो आवाज आला. ती थांबली.” तिने स्वतःचा हात वर केला, तळवा माझ्याकडे. “असा हात केला मला. तुला माहितीये ना, कशी करायची ती. मला वाटलं, गाडी गेली की बोलेल. मी थांबले. कान लावून थांबले.”

“मग?”

“मग नाही बोलली.”

मी उठलो. कुठे जायचं होतं ते माहीत नव्हतं. जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. काय सांग? काय सांगायचं होतं मोठ्याला? माझ्या हाताने मी फोन वर धरला होता. कोणाशी भांडू? कोणाकडून ते दोन शब्द परत घेऊ, काय देऊन घेऊ?

धाकटा दुपार कलल्यावर आला. गणवेशातच होता, मांडीवर ऑइलचा डाग. आत जाऊन आईच्या पायांना हात लावून आला आणि आमच्यासमोर उभा राहिला.

“दादा, ऐकलं का तिने? माझा हॉर्न पोचला का तिच्यापर्यंत?”

बहिणीने माझा हात दाबला. मला कळलं ती काय म्हणतेय ते. पण मी आयुष्यात कधी फुकट काही सोडलेलं नाही.

“ऐकला,” मी म्हणालो. “मला काहीतरी सांगत होती. तू हॉर्न दिलास म्हणून थांबली.”

त्यालाही ती पडवी माहीत होती, तो वर केलेला हात माहीत होता. तो भिंतीला टेकला.

“मग मी काय करायला पाहिजे होतं, दादा?” तो हळू म्हणाला. “सांग ना. काय करायला पाहिजे होतं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय देणार होतो ते आता आठवत नाही. हॉस्पिटलच्या मागूनच पुण्याची लाइन जाते. तिकडून गाडी आली. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. माझं तोंड मिटलं. त्याने मान खाली घातली, बहिणीने पदर तोंडाशी धरला. मालगाडी असावी, खूप लांब होती. ती जाईपर्यंत आम्ही तिघं गप्प उभे राहिलो.