थोरल्याच्या पायाखालची फरशी

आमच्या नव्या घराची फरशी माझ्या नवऱ्याने पसंत केली, हे मी आधीच सांगून टाकते. तेव्हा मी आंबेगावला माहेरी गेले होते. परत आले तोवर आळेफाट्याहून माल येऊन पडला होता. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत, तोंड दिसेल अशा टाइल्स. "यात छत दिसतं," नवरा कौतुकाने म्हणाला. छत बघायला मान वर करता येते की, असं मी म्हटलं. पण माल उतरला होता, गवंडी हजर होते, आणि आमच्याकडे उतरलेला माल परत पाठवणं म्हणजे मांडवातून नवरदेव परत पाठवण्याइतकं नामुष्कीचं समजतात.

वास्तुशांतीला पिंपळवंडीचे, खोडदचे, झाडून सगळे पाहुणे आले. चपला पार फाटकापाशी काढून, ओढ्यात उतरल्यासारखे पाय टाकत आत आले. "लई चकाचक काम केलंय राव!" असं जो तो म्हणे आणि नवऱ्याची मान ताठ होई. मला मात्र त्या पांढऱ्यावर पडलेला एकेक केस दिसत होता. कारण आमच्याकडे दोन कुत्री. एक काळा थोरला, वय झालेला, मागचे पाय अधू. दुसरी तांबडी धाकटी. हिच्या अंगावरून रोज मूठ मूठ केस गळतात आणि तरी अंगावरचे कमी होत नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

जुन्या घरी कुत्री अंगणात झोपायची. आता तशी सोय राहिली नाही. घराच्या कुंपणापलीकडे ऊस, आणि उसात बिबट्या. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं एका पहाटे नाहीसं झालं, मागे नुसता पट्टा सापडला. वन खात्याची गाडी स्पीकर लावून सांगत फिरली की अंधार पडल्यावर बाहेर थांबू नका, जनावरं बंदिस्त ठेवा. आम्ही दोघांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले आणि दिवस मावळायच्या आत त्यांना घरात घ्यायचं ठरवलं.

धाकटी पहिल्याच संध्याकाळी धावत आत आली, हॉलभर घसरत गेली, सोफ्यावर आदळली, आणि हा आपल्यासाठीच केलेला खेळ आहे असं समजून पुन्हा दारापासून सुरू झाली. थोरल्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि त्याचे पुढचे पाय दोन दिशांना गेले. मागचे खाली बसले. नवऱ्याने त्याला उचलून आत आणलं, तर तो पोटावर सरपटत बाहेर गेला आणि पडवीतल्या खाटेखाली जाऊन बसला. मग भाकरी दाखवली, मटणाचं हाड दाखवलं, त्याचा निश्चय ढळला नाही.

ती खाट माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामंजी म्हणते. त्यांनी लगेच जाहीर केलं, "त्यो आत येत न्हाई तर मी पन येत न्हाई. जल्मभर माझ्यासंगं रानात ऱ्हायला, त्याला एकला कसा सोडू?"

पडवी उघडी. तिला जाळी बसवणारा माणूस 'उद्या येतो' म्हणत होता, कारण बिबट्याच्या धास्तीने सगळ्या तालुक्याला एकदमच जाळ्या हव्या झाल्या होत्या. म्हणजे रोज संध्याकाळी दृश्य काय, तर आत पंखे, सोफा, टीव्ही, आणि बाहेर उसाच्या तोंडाशी एक म्हातारा माणूस, एक म्हातारं कुत्रं. मामंजी जेवायचेही पडवीतच, अंघोळीला गोठ्यामागच्या जुन्या न्हाणीत जायचे. आत या म्हटलं की "मला पंख्याचं वारं सोसत न्हाई." पंखा बंद करते म्हटलं की "कोंडल्यावानी व्हतं."

"मामंजी, बिबट्याने तुम्हालाच ओढलं म्हणजे?" मी एकदा चिडून विचारलं.

"मला न्हिऊन काय करंल त्यो? निस्ती हाडं हाईत."

मी ठरवलं, थोरल्याला आत आणायचं. तो आला की मामंजींचं निमित्त संपलं.

पहिला उपाय नवऱ्याचा. टोमॅटोच्या वाफ्यांवरचा उरलेला मल्चिंग पेपर त्याने हॉलमध्ये अंथरला. घसरणाऱ्या फरशीवर घसरणारं प्लास्टिक. थोरला सोडा, नवराच चहाच्या कपासकट खाली आला. दुसरा उपाय माझा, कांद्याचं बारदान. त्याच्यावर थोरल्याने पाय ठेवला, बारदान सरकलं आणि थोरला त्याच्यावर बसल्याबसल्या हातभर पुढे गेला. धाकटीला हे इतकं आवडलं की तिने ते बारदान दातात धरून त्याला ओढायलाच सुरुवात केली. थोरल्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

मग गोठ्याकडे लक्ष गेलं. गाईंच्या पायाखाली घालतात त्या जाड, काळ्या, खडबडीत रबरी मॅट. आम्ही दारापासून टीव्हीखालच्या कोपऱ्यापर्यंत त्या टाकल्या. हॉलचा गोठा झाला, वासही तसाच. पण थोरल्याने एक पाय ठेवला, दाबून पाहिला, दुसरा ठेवला, आणि एकेक पाऊल टाकत थेट कोपऱ्यात जाऊन अंगाचं वेटोळं करून पडला. मी आनंदाने ओरडलेच.

मामंजी उंबऱ्यात उभे राहून बघत होते. "चला, आता तुम्ही या," मी म्हटलं.

ते मॅटकडे बघत म्हणाले, "ही मॅट पार बाथरूमपत्तूर का न्हाई टाकली?"

"बाथरूमपर्यंत कशाला?"

"आसंच. कुत्र्याला."

"कुत्रा बाथरूमला कशाला जाईल?" मी हसून म्हटलं.

मामंजी हसले नाहीत. ते बाहेर बघायला लागले. एका हाताने त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. उन्हातान्हात झिजून गुळगुळीत झालेल्या टाचा, वाकडी झालेली बोटं. ते पाय उंबऱ्याला टेकून थांबले होते, जसे थोरल्याचे थांबायचे. वास्तुशांतीनंतर हा माणूस एकदाही आत आला नव्हता, आणि आम्ही समजत होतो की कुत्र्याच्या मायेने. कुत्र्याला आत आणायला आम्ही घर डोक्यावर घेतलं, आणि त्याच फरशीला भिणारा माणूस त्याच्याच आडोशाला बसला होता. मला फार वाईट वाटलं.

पण मामंजींना 'तुम्ही घाबरता का' असं विचारणं शक्य नव्हतं. या माणसाने उधळलेले बैल धरलेले. त्यांच्यासमोर मी नवऱ्यालाही एवढंच सांगितलं की या मॅटखाली केस आणि घाण साचते, धाकटी मुतली की ते खालीच मुरतं, मला फरशीच बदलायची आहे. नवऱ्याचा चेहरा पडला. छत दिसणं बंद होणार, याचं त्याला खरोखर दुःख झालं. मग मी त्याला दारामागे नेऊन खरं कारण सांगितलं. तो लगेच पिकअप काढायला गेला.

मामंजींना म्हटलं, "थोरल्याच्या पायाला जी बसेल तीच फरशी घेणार. पण तो तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. साखळी धरायला चला."

दुकानदाराने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण टाइल पसंत करायला खिळ्यांचा पट्टा घातलेलं कुत्रं आलेलं पाहिलं नसावं. मी त्याच्याकडून दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत नमुने मांडून घेतले, त्यांच्यावर बादलीने पाणी टाकलं. मामंजींनी चपला काढल्या. साखळी धरून ते आणि थोरला एकेका फरशीवरून चालू लागले, आणि आम्ही नवरा-बायको पाय बघत राहिलो, सगळे सहा.

लाकडासारखी दिसणारी टाइल दोघांनीही अर्ध्यातून सोडली. पार्किंगची खरखरीत टाइल दोघांना मानवली, पण तिच्या खाचांत चिखल अडकतो आणि पोछा फाटतो, म्हणून मी नाही म्हटलं. शेवटी एक मातकट रंगाची, चमक नसलेली. पाणी असूनही थोरला तिच्यावर सरळ चालत गेला, थांबला, आणि त्याने मागचा पाय वर केला.

"आता ही तुमाला घ्यायलाच लागंल, वैनी," दुकानदार म्हणाला.

मी तिथेच त्याच्याकडून फडकं मागून पुसून पाहिलं. एका हातात डाग गेला, वासही राहिला नाही. किल्लीने ओरखडून पाहिलं, चरा उठला नाही. सांधे गडद रंगाच्या इपॉक्सीने भरा, म्हणजे त्यात मूत मुरणार नाही, हे दुकानदाराने सांगितलं. मी मामंजींकडे वळले, "काय, पसंत आहे का?"

त्यांनी ओल्या टाइलवर पाऊल जरा मागेपुढे करून पाहिलं. "थोरल्याला बरी वाटती," ते म्हणाले.

"मग हीच. बाथरूममधेसुद्धा."

"बाथरूमात तर पायजेच," ते चटकन म्हणाले, आणि मग साखळीशी उगाच खटपट करत बसले.

जुन्या फरशीवरच नवी चिकटवली. दारं खालून तासावी लागली. आता आमच्या घरात छत दिसत नाही, आणि धाकटीचे केसही दिसत नाहीत. संध्याकाळी मी पडवीत जाऊन नुसतं "झालं" म्हटलं. थोरला उठून आत गेला. त्याच्यामागून मामंजी. पहिली चार पावलं भिंतीच्या कडेने टाकली, मग ते मधे आले. स्वयंपाकघर पाहिलं, देवघर पाहिलं. त्यांच्यासाठी म्हणून बांधलेल्या खोलीत गेले, तिथली खिडकी उघडून पाहिली.

"हितनं सगळं रान दिसतंय की!"

"तुमीच सांगितलं व्हतं खिडकी हिकडं ठेवाया," नवरा म्हणाला.

"मी बरूबरच सांगितलं व्हतं," मामंजी म्हणाले, आणि राहिलेलं घर बघायला निघाले. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते, दोन्ही. मला एकदम रडू आलं. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर मी त्याला दाराला कडी लावायला पाठवलं.