विनायकदादांचा डावा कोपरा

विनायकदादांचे किस्से सांगायचे म्हणजे चहा गार करायचा. आम्ही बनारसच्या दुर्गाघाटावरचे पाच-सहा जण जमलो की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा घुसतो.

दादा तरुणपणी फुटबॉलमध्ये फॉरवर्ड. मोहल्ला कपच्या फायनलला दोनदा पोचले, दोन्ही वेळा पेनल्टीवर हरले. वहिनींनी कपासाठी फळीवर जागा मोकळी केली होती, तिथे पुढे लोणच्याची बरणी आली. पाहुण्यांना वहिनी शांतपणे सांगत, "हा यांचा कप." दादा खिडकीबाहेर बघत बसायचे.

गुडघा गेला आणि दादा आमचे कोच झाले. टीम सगळी भिक्षुकांची, मी गोलकीपर. प्रॅक्टिस गल्लीत. "गाईला चकवलंस ना, मग डिफेंडर काय चीज आहे?" ही त्यांची शिकवण.

मोठ्या मैदानावरच्या पहिल्याच मॅचला आमचा मोरू बॉल घेऊन सुसाट सुटला आणि गोलसमोर जाऊन चक्क थांबला. गोलपोस्टमागून एक आजीबाई लोटा घेऊन चालल्या होत्या. गल्लीत यात्रेकरू आला की बॉल पायाखाली दाबून उभं राहायचं, हा नियम दादांचाच! आजीबाई गेल्या, बॉलही गेला. दादा कपाळाला हात लावून बसले.

दुसरी खोड उजवीकडची. जन्मभर देवळात प्रदक्षिणा घातलेली, त्यामुळे वळायचं ते उजवीकडेच. पेनल्टीला माझी उडीही उजवीकडेच, आणि हे अख्ख्या बनारसला पाठ. दादा आठ वर्षं कानीकपाळी ओरडत होते, "डावा कोपरा सांभाळ!"

एकदा वैतागून म्हणाले, "अरे, पितरांच्या कामात अपसव्य करून सगळं उलट्या बाजूने करता ना? मग इथेच काय होतं?"

मी म्हटलं, "दादा, तिथे मंत्र असतात."



मागच्या पितृपक्षात आम्ही फायनलला पोचलो. पुढच्याच सोमवारी दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग मैदान बंद. म्हणजे हा शेवटचा चान्स. वहिनींनी सकाळीच बरणी खाली उतरवली होती. मला तर दादांकडे बघवत नव्हतं.

मॅच बरोबरीत, परत पेनल्टी. समोरच्या टीमची शेवटची किक. अडवली तर कप आमचा. किक मारणारा माझ्याकडे बघून हसला आणि त्याने निवांतपणे माझ्या डावीकडे मारली.

मी डावीकडे पडलो होतो, बॉल छातीशी.

दादा लंगडत आले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझी कॉलर धरून म्हणाले, "आठ वर्षं घसा फोडला रे मी. आज डावीकडे कसा गेलास?"

"दादा, सकाळपासून घाटावर अकरा श्राद्धं करून आलोय."