नदीच्या अलीकडचा हॉलिस

हॉलिस टर्नबोला किंगमनमध्ये सगळे ओळखायचे, कारण वाळवंटात कूलर बंद पडला की माणसांना देवाच्याही आधी तो आठवायचा. उन्हाळाभर हा गडी लोकांच्या छपरांवर. छपरावरून उतरला की मोटरसायकलवर, आणि मोटरसायकलवर बसला की उजव्या कमरेला पिस्तूल. जन्मात त्याने ते कुणावर रोखलं नाही. एकदा एका सापावर झाडलं होतं, तेही चुकलं, आणि साप सावकाश आपल्या वाटेने निघून गेला हे तो स्वतःच हसत सांगायचा. बापाच्या कमरेला होतं म्हणून याच्या कमरेला, इतका साधा मामला.

त्या काळी ॲरिझोनात नियम असा होता की पिस्तूल उघडपणे लावा, कुणी हटकणार नाही. पण परवाना नसेल तर ते झाकायचं नाही. पायी चालणाऱ्याला हे सोपं आहे. मोटरसायकलवर अंगात चामडी जाकीट असतं आणि वारा काही कायदा वाचत नाही. जाकिटाचा सोगा पिस्तुलाच्या खोळीवर आला की ते झालं लपवलेलं, म्हणजे गुन्हा. परवाना काढायचा तर वर्गात बसावं लागे, आणि शाळा सुटल्यापासून हॉलिसला वर्गाचा तिटकारा. म्हणून ते काम त्याच्या बायकोकडे आलं. वर्लीन मागे बसायची, डावा हात त्याच्या पोटाभोवती टाकायची आणि उजव्या हाताने जाकिटाचा सोगा मागे धरून ठेवायची. पुढे कायदा बदलला, झाका नाहीतर दाखवा, परवान्याची गरजच उरली नाही. वर्लीनचा हात मात्र होता तिथेच राहिला. दोघांपैकी कुणी त्याबद्दल कधी बोललं नाही.

वर्लीनचं एकच मागणं होतं, समुद्र. वाळवंटात जन्मलेली बाई. पाणी म्हणून तिने पाहिली ती फक्त कोलोरॅडो नदी. नदीवर पूल, आणि पुलापलीकडे कॅलिफोर्निया. तिथला नियम वेगळा. तिथे परराज्यातला परवानाही चालत नाही. पिस्तुलातल्या गोळ्या काढायच्या आणि ते कुलूपबंद पेटीत ठेवायचं. मोटरसायकलला डिकी नसते, तेव्हा बाजूच्या कडक पेटीला कुलूप हवं. पश्चिमेला जाणारे फटफटीवाले पुलाअलीकडे, ओपल नावाची बाई कॉफी देते त्या दुकानामागे थांबतात, रस्त्याकडे पाठ करतात, गोळ्या काढतात, पिस्तूल पेटीत टाकून किल्ली फिरवतात. कुणाच्या घरात शिरताना चपला काढाव्यात, इतक्या सहज. हॉलिसला ते जमेना. "ज्या राज्यात माझं पिस्तूल कुलपात, त्या राज्यात माझं काय काम?" असं तो म्हणायचा. दर वसंतात दोघं पुलापर्यंत यायची, ओपलकडे कॉफी प्यायची, पीच भरलेली गोड पेस्ट्री खायची, नदीकडे बघायची आणि माघारी फिरायची. पुढच्या वर्षी नक्की, असं ठरायचं. पलीकडे हेल्मेटही लागतं, म्हणून वर्लीनने दोन हेल्मेटं आणून ठेवली होती. ती फडताळात तशीच पडून राहिली.

"तुझं लग्न त्या पिस्तुलाशी लागलंय, हॉलिस," ती म्हणायची. "मी आपली त्याचा पदर सांभाळायला." आणि हसायची. हसायची म्हणून त्याला वाटायचं, काही बिघडलेलं नाही.

थंडी सरता सरता ती गेली. हॉलिसच्या हाती तिच्या राखेची एक लाकडी डबी आली, ब्रेडच्या लादीएवढी.

या वसंतात त्याने फडताळातून हेल्मेट काढलं. डबी उजव्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. डाव्या पेटीचं कुलूप कधीच मोडलेलं, तिचं झाकण वेगात उघडतं. पहाटे तो निघाला. ओसाड रस्त्यावर लांबवर पाणी चमकल्यासारखं दिसे, जवळ गेलं की नुसतं डांबर, आणि त्याच्या पुढे पुन्हा पाणी. अर्धा जागा, अर्धा झोपेत असल्यासारखा तो चालवत होता. वारा होता, तरी जाकिटाचा सोगा फडफडत नव्हता. कुणीतरी तो धरला होता. आरशात पाहिलं तर हात दिसणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने आरशात पाहिलंच नाही.

नदी आली. ओपलच्या दुकानामागे तो उतरला, पट्टा सैल करायला हात कमरेला गेला, आणि तो जागच्या जागी थिजला. पिस्तूल. हेल्मेट आठवणीने घेतलं आणि पिस्तूल सवयीने लावलं. घड्याळ मनगटावर चढवावं तसं. आणि कुलपाची पेटी एकच, तिच्यात वर्लीन.

ओपल कॉफी घेऊन बाहेर आली. वर्लीनचं तिला कळलं होतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायला विसरली. हॉलिसने तिला अडचण सांगितली. तुझ्याकडे ठेवशील का, असंही विचारलं.

"मालक परक्याचं पिस्तूल दुकानात ठेवू देत नाही," ती म्हणाली. "मागे एकाने ठेवलं, तो आलाच नाही परत."

"मग फिरतो माघारी. पुढच्या आठवड्यात येईन, घरी ठेवून."

ओपलने त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ही बाई त्याला टाकून बोलली नव्हती.

"म्हाताऱ्या, 'पुढच्या वर्षी' ऐकत ती गेली. आता तिला पुढचा आठवडा सांगतोस?"

एवढं बोलून ती आत गेली. हॉलिस पेटीवर हात ठेवून उभा राहिला. दोन्ही एका पेटीत ठेवता आली असती, जागा होती. पण जे तिच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहिलं, त्याच्याच कुशीत तिला निजवायची? त्याला स्वतःची लाज वाटली, अशी की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर बायको आणि पिस्तूल यांतलं एक निवडायची वेळ आली तेव्हा त्याने लोखंड निवडलं होतं, आणि त्याला तो ताठा म्हणत आला होता.

त्याने पेटी उघडून डबी बाहेर काढली. रस्त्याकडे पाठ करून पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या, त्या डाव्या पेटीत टाकून झाकण दोरीने बांधलं. रिकामं पिस्तूल उजव्या पेटीत ठेवून किल्ली फिरवली. डबी जाकिटाच्या आत, पोटाशी धरली आणि चेन बसेल तेवढी वर ओढली. वर्लीनचा डावा हात असायचा तिथेच डबी बसली.

पुलावर वारा जोराचा होता. खाली हिरवं पाणी संथ वाहत होतं आणि मध्यावर कुठेतरी एक राज्य संपून दुसरं सुरू झालं. जाकिटाचा सोगा रिकाम्या खोळीवर येऊन फडफडू लागला. आता तो मागे कुणी धरला नव्हता. धरायची गरजही नव्हती.

पलीकडचं गाव ओलांडल्यावर तपासणीची चौकी लागली. बाहेरून येणारी फळं, रोपं तिथे विचारतात, कीड येऊ नये म्हणून. चौकीतल्या पोरसवदा बाईने पुढे आलेलं जाकीट पाहिलं.

"आत काय आहे काका? संत्री?"

"बायको," हॉलिस म्हणाला. "समुद्र बघायचाय तिला."

चेनीच्या फटीतून दिसणारा लाकडाचा कोपरा बाईने पाहिला. मग तिने हाताने रस्ता दाखवला.

"समुद्र अजून दुपारभर लांब आहे," ती म्हणाली. "दोघं सावकाश जा."