आयतं बसायचा आयतवार

"तुझा आयतवार कोणता आता?" विमल मॅडमनी मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. गोंदियाच्या दवाखान्यात खाटेवर पडून होत्या, हाताला सलाईन, आवाज पार खाली गेलेला... आणि चौकशी माझ्या सुट्टीची! मी बंदोबस्त संपवून वर्दीतच गेले होते. म्हटलं, मॅडम, पोलिसाला कसला रविवार? साप्ताहिक सुट्टी असते नावाला, पण मी ती घेतच नाही, घरी बसून करू काय. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग तशाच, डोळे न उघडता म्हणाल्या, "मंग तू अर्धंच शिकली पोरी. धावाचंच शिकली." आठवडाभरात केशोरीहून मायचा फोन आला. मॅडम गेल्या, एवढंच म्हणाली.

विमल मॅडम आमच्या केशोरीच्या शाळेत खेळ शिकवायच्या. माहेर त्यांचं गोंदियाजवळच्या नागऱ्याचं, वडील तिथे मास्तर, घरात बोलणं हिंदी, त्यामुळे रागावल्या की हिंदीत रागवायच्या आणि लाड आला की आमच्या झाडीबोलीत यायच्या. अंगानं चांगल्या दणकट, गळ्यात शिट्टी, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गावातल्या म्हाताऱ्या त्या बुटांना वर्षानुवर्षं हसल्या, मॅडमनी बूट काही सोडले नाहीत. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पोरं धावायची, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पोरी धावल्या तर मात्र चहाच्या टपरीवर दिवसभर तोच विषय. मॅडमनी आम्हा पाच-सहा जणींना शाळेच्या मैदानावर गोळा केलं, आणि टपरीवाल्याला जाऊन सांगून आल्या की बघायचं असेल तर पहाटे ये, तूही धाव. तो कधी आला नाही.

माझं गणित तेव्हा सरळ होतं. बाबांनी सांगून टाकलं होतं की ही भरती साधली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. त्यामुळे माझ्या अंगात भूत संचारलं होतं. रोज धावायचं, दुखलं तरी धावायचं. नडगी ठणकायला लागली तशी मी फडकं बांधून धावायला लागले. मॅडमनी ते फडकं पाहिलं आणि सगळ्यांसमोर सोडायला लावलं. धावल्यानं पाय झिजतो आणि बसल्यावर तो भरून निघतो, असं त्यांचं साधं सांगणं. म्हणून आयतवारी धावायचं नाही. आमच्याकडे रविवाराला आयतवार म्हणतात, आणि मॅडमचा त्यावरचा एकुलता एक विनोद ठरलेला असे. आयतवार म्हणजे आयतं बसाचा वार! पहिल्यांदा आम्ही हसलो. मग त्या दर आठवड्याला तोच विनोद करायच्या आणि आमच्या आधी स्वतःच हसायच्या.

पण त्यांचीही फजिती झाली. सुट्टी दिली की पोरी ताज्या होऊन येतील, असं त्यांना वाटलेलं. आम्ही सोमवारी आलो त्या लंगडत, कमरेवर हात ठेवून. मॅडमचा पारा चढला. "छुपके दौड़ी क्या तुम लोग?" आम्ही कशाला लपून धावतोय! रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. पोरगी आयतवारी मोकळी आहे म्हटल्यावर प्रत्येक मायनं आपापली पोर दिवसभर धानाच्या बांधीत उतरवली होती. चिखलात वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झालेला. पोरीला सुट्टी दिली म्हणजे ती घरकामाला मोकळी झाली, हे नागऱ्याच्या मास्तराच्या लेकीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. मायला समजावलं, आयतवारी हिला बसू द्या, बैलालेही पोळ्याले जुपत नाही आपण. माय चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "बैलाले पोळा आहे मॅडम. बाईले काय आहे?"

मॅडम चहा न घेताच गेल्या. मी रात्रभर मायवर धुसफुसत राहिले, की आता हिच्यापायी माझी भरती बुडणार. पुढच्या आयतवारी बघते तर मॅडम आमच्या बांधीवर हजर. बूट धुऱ्यावर, बांधाच्या कोरड्या कडेला काढून ठेवले, साडी वर खोसली आणि मायला म्हणाल्या, हिच्या जागी मी. मला धुऱ्यावर बसवलं आणि स्वतः चिखलात उतरल्या. रोवणं त्यांना येत नव्हतं, अजिबात नाही. रोप कुठे तिरपं, कुठे तरंगतंय... बायांना हसू आवरेना आणि मायला त्यांचा अर्धा पट्टा पुन्हा लावावा लागला. मला तर धुऱ्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शिक्षिका चिखलात आणि मी रिकामी! जरा उठले की तिकडून हाक यायची, "बैठ जा!" दुपारी त्या माझ्याजवळ येऊन टेकल्या, तर पाठ सरळ होईना. त्यांनी मायला विचारलं, बाई, तुम्ही हे रोज करता? रोज नाही त काय, माय म्हणाली, आणि त्यांच्या हातावर भाकर ठेवली. रोवणी संपेपर्यंत मग मायनं मला आयतवारी बांधीत बोलावलं नाही.

रोवणी आटोपली, पोळा होऊन गेला, आणि मॅडम आयतवारी आम्हा पोरींना मैदानावर नुसतं बसायला बोलवायला लागल्या. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं त्यांना जेवणाचं निमंत्रण देतात. एका शनिवारी संध्याकाळी मॅडम दारात आल्या, मायपुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या बसाले या." अगदी बैलांना म्हणतात त्याच चालीत! माय म्हणाली, मी का बैल आहो? आणि मग अशी हसली, अशी हसली की तिथंच उंबऱ्यावर बसली.

ती आली दुसऱ्या दिवशी. एक घडीच थांबते म्हणाली, आणि येताना निवडायचे तांदूळ सुपात घेऊन आली. मैदानाच्या कडेला मोहाचं मोठं झाड आहे, त्याखाली आम्ही पोरी पाय पसरून बसलेल्या. मॅडमनी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. मग मायला काय करावं ते समजेना. रिकाम्या हातानं बसायची सवयच नाही, आजूबाजूचं गवत उपटत राहिली. बघता बघता झाडाला टेकली, आणि झोपली. मॅडमनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं. माझी माय दिवसाउजेडी झोपलेली मी तोवर कधी पाहिलीच नव्हती. मला रडू आलं, खरंच सांगते. आदल्या आठवड्यांत हिच्यावर किती चिडले होते मी...

पुढे मैदानी चाचणीत माझे पाय टिकले. माझी भरती झाली, लग्न पुढे ढकललं गेलं आणि नंतर माझ्या मर्जीनं झालं. सगळ्याच पोरींची भरती झाली नाही. पण झाडाखालचा आयतवार चालू राहिला. हळूहळू पोरींबरोबर त्यांच्या आयाही यायला लागल्या. मी मात्र गोंदियात वर्दी चढवून धावतच सुटले.

मॅडम गेल्याला काही आठवडे झाले असतील. एका शनिवारी संध्याकाळी मायचा फोन. हालहवाल नाही, काही नाही. सरळ म्हणाली, "आज आवतन घे, उद्या बसाले ये." फोन ठेवला. तशीच साहेबांकडे गेले आणि सुट्टी मागितली. किती दिवसांनी मागतेयस, असं म्हणत त्यांनी ती दिली.

मोहाखाली नव्या पोरी होत्या, चार-पाच बाया होत्या. मुळांच्या बेचक्यात मॅडमची ठरलेली जागा, तिथं कुणीच बसलं नव्हतं. माय थेट तिथंच जाऊन टेकली आणि शेजारची जमीन थोपटली. मी बसले तशी सवयीनं मोबाइल काढला. मायनं तो हातातून घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवून दिला. पोरी कसल्याशा गोष्टीवर खिदळत होत्या. मी झाडाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझा हात गवत उपटतोय.

"तेही सोड आता," माय म्हणाली.