मोकळा माळ

मालती गेल्याचं तिच्या बहिणीनं कळवलं, तेव्हा मी परभणीच्या बाजारात मेथी निवडत होतो. जुडी तिथंच ठेवून घरी आलो. आता महिना होऊन गेला. लोक फोनवर म्हणतात, बाईंनी गावासाठी केवढं काम केलं... मी नुसतं हं म्हणतो. त्या कामाचं पुढं काय झालं, ते मला माहीत आहे.

मालती मानववंशशास्त्र शिकलेली, पण पुस्तकात बसणारी नव्हे. गवत कोण कापतं, कुठल्या ओढ्यावर कुणाची जनावरं पाणी पितात, हे लोकांकडून समजून घ्यायचं आणि मग गावाच्या पाण्याचा, चराईचा आराखडा करायचा, हा तिचा उद्योग. ताडकळसजवळच्या एका गावात ती आली तेव्हा मी तिथं शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं म्हणून तिनं मला लिखापढीला धरलं. मेंढरांमागं चालून चालून तिच्या चपलेचे अंगठे तुटायचे. मी चिडवायचो, "बाई, पीएचडी पायांना दिली का?"

गावाबाहेरच्या माळाची नोंद करायची होती. सोपानमामा मेंढरं घेऊन तिथंच उभे होते. तिनं विचारलं, "मामा, हा माळ कुणाकडे आहे?"

"कुणाकडंच न्हाई. मोकळा हाय की."

तक्त्यात 'सध्याचा वापर' असा रकाना होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, मोकळा. तिनं खाली सही केली. गावात मोकळा म्हणजे कुणाचीही मेंढरं चरायला खुला. सरकारी कार्यालयात मोकळा म्हणजे कुणीच वापरत नाही असा. तिच्या ध्यानात आलं नाही एक वेळ ठीक, मी तर तिथलाच होतो.

दुसऱ्या वर्षी त्या नोंदीवरून माळाला तारेचं कुंपण पडलं, आत सरकारी रोपं लागली. सोपानमामांनी दोन उन्हाळे लांब लांब चारून पाहिलं, मग मेंढरं विकून चुडाव्याकडं मजुरीला जायला लागले. मालतीला एवढंच म्हणाले, "बाई, तुमीच लिहिलं न्हवं, मोकळा म्हणून?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढं माळ पुन्हा चराईला सोडावा म्हणून तिनं अर्जांवर अर्ज केले. प्रत्येकात 'माझ्या चुकीमुळे' असं लिहायची. माझं नाव कधी घेतलं नाही, आणि मीही घे म्हणालो नाही... त्याची लाज वाटते. रोपं वाळली, कुंपण राहिलं. शेवटच्या आजारपणात ती म्हणाली, "लोकांना विचारणं हेच माझं काम होतं, मास्तर. आणि तेवढं एक विचारायचं राहिलं."

गेल्या आठवड्यात तिची खोली आवरायला गेलो. टेबलावर नवा अर्ज होता, फक्त सही राहिलेली. तो घेऊन कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं नाव वाचलं. "अर्जदार मयत हायत ना? मग हे प्रकरण निकाली. तुमाला करायचा तर तुमच्या नावानं नवा करा."

तिथल्याच बाकावर बसून लिहायला घेतलं. 'माझ्या चुकीमुळे' हे दोन शब्द लिहायला मला इतकी वर्षं लागली. सोबत मेंढपाळाची सही हवी, म्हणून सोपानमामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो शब्द माझ्या हातचा होता, हेही सांगितलं.

"तुमी लिहिताना मी तिथंच होतो की, मास्तर," ते म्हणाले. "सही देतो. पण माळ सुटला तरी आता त्यात सोडू काय?"