जेवताना बोललेलं

दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवणारा हा माणूस घरी आला की स्वतःचं तोंड मोकळं सोडायचा. गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे साचे त्याच्याकडे पाठवायचे आणि तो त्यावरून कवळ्या तयार करून द्यायचा. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक खिडकी आणि फळीवर ओळीनं मांडलेले गुलाबी हिरड्यांचे जबडे. प्लास्टरची भुकटी त्याच्या भुवयांत इतकी बसलेली असे, की बायको त्याला तसाच ताटावर बसू द्यायची नाही.

पण एकदा बसला की तोंडाचा पट्टा सुरू. विषय ठरलेला, पुलापलीकडचे लोक. पूर्वी कधीतरी तिकडची वस्ती उठली आणि ती माणसं अलीकडे येऊन राहिली. कवळीवाल्याच्या मते शहरात जे काही बिघडलं होतं ते त्यांच्यामुळेच. पाणी कमी आलं, ते पलीकडचे. भाडी वाढली, ते पलीकडचे. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तरी तो पाय पलीकडचाच असणार. बोलून बोलून शेवटी तो स्वतःच हसायचा आणि आणखी भात मागायचा.

समोर लेक बसलेली असायची. लहान होती तेव्हा बापासारखं बोट नाचवून "पलीकडचे!" म्हणायची आणि घरभर हसू व्हायचं. तेरा-चौदाची झाली तशी प्रश्न विचारू लागली. ते आले कसे? त्यांना कुणी येऊ दिलं? बापाला कोण आनंद! शाळेतल्या कुठल्याही विषयात ती त्याला इतकं विचारत नसे. "माझ्या वळणावर गेलीय," तो कौतुकानं म्हणायचा.

"पोरीसमोर जरा जपून बोल," बायको म्हणायची.

"अगं, जेवताना बोललेलं कोण लक्षात ठेवतं?"

घरात एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. कारखान्यात त्याच्या समोरच्या बाकावर मेणात दात बसवणारा जो माणूस होता, तो पलीकडचा होता. कवळीवाला त्याला मेणबुवा म्हणायचा. कितीतरी वर्षांची जोडी होती. कवळीवाला आजारी पडला तेव्हा मेणबुवानं एकट्यानं काम ओढलं होतं, आणि मेणबुवाच्या बायकोच्या बाळंतपणात हा दवाखान्याबाहेर बसून राहिला होता. राजकारणावरून दोघांची रोज जुंपायची. "तुम्ही लोकांनी वाट लावली," हा म्हणायचा. "अजून थोडी राहिलीय, उद्या लावतो," तो म्हणायचा. आणि चहा यायचा.

पण कवळीवाल्यानं मेणबुवाला कधी घरी जेवायला बोलावलं नाही. लाज वाटायची असं नव्हतं. त्याला बोलावलं असतं तर जेवतानाचं रोजचं बोलणं बंद करावं लागलं असतं, इतकंच. त्यामुळे माणूस घरापर्यंत आलाच नाही. घरापर्यंत आला तो फक्त राग.

निवडणुकीच्या वर्षी एक नवा पक्ष निघाला आणि त्यानं शाळा-कॉलेजची मुलं गोळा केली. लेक आता कॉलेजात होती, तीही त्यात गेली. एका संध्याकाळी चौकातल्या सभेत ती बोलणार होती. कवळीवाला धुतलेला शर्ट घालून गेला. लेक स्टुलावर उभी राहिली आणि तिनं तोंड उघडताच त्याला आपलीच वाक्यं ऐकू आली. पाणी, भाडी, बससुद्धा. त्याची छाती फुगली. मग त्याच्या ध्यानात आलं, की जिथे तो हसायचा तिथे ती थांबतच नव्हती. सरळ पुढे जात होती. आणि समोरची माणसं मान डोलावत होती.

दोन दिवसांनी जेवताना तिनं विचारलं, "बाबा, तुझ्या कारखान्यात पलीकडचा माणूस आहे म्हणतात. खरं का?"

बायकोचा हात ताटावरच थांबला.

"आहे. पण तो तसा नाही."

"तूच म्हणायचास ना, जो तो म्हणतो आमचावाला तसा नाही, म्हणून तर हे पसरले?"

म्हणायचा खरा. आत्ता सांगायला हवं होतं, की तो माझा मित्र आहे. शब्द ओठांपर्यंत आले. पण पोर अशी रोखून बघत होती, की त्यानं घास उचलला आणि म्हणाला, "कामगार आहे गं. बघू."

त्या आठवड्यात भर दुपारी कारखान्यात चार तरुण आले. अगदी नम्र. चपला दाराबाहेर काढल्या. मेणबुवाला नाव विचारलं, राहतो कुठे विचारलं, मुलं किती विचारलं. "काही नाही काका, सहज," म्हणाले आणि गेले. कवळीवाल्यानं खिडकीतून पाहिलं. समोरच्या फुटपाथवर लेक उभी होती. मेणबुवानं हातातलं मेण खाली ठेवलं, ॲप्रन काढून नीट घडी घातली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

कवळीवाला त्याच्या घरी गेला. दार बोटभर उघडलं. आत बांधलेली बोचकी दिसत होती.

"बहिणीकडे जातोय, मुलांना घेऊन," मेणबुवा म्हणाला. "तुझी लेक छान बोलते रे. सभेच्या कडेला उभा राहून ऐकलं मी. अर्धं तुझंच होतं, लगेच ओळखलं."

"अरे, मी ते असंच म्हणायचो. तुला तर माहीत आहे."

"मला माहीत आहे. तिला कुठे माहीत आहे?"

दार लागलं.

घरी येऊन त्यानं लेकीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. दवाखाना, आजारपण, चहा, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. रागावली नाही. मग त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हे तुम्ही बाहेर कुणाजवळ बोलू नका. लोक तुमच्याबद्दल विचारायला लागलेत. मी आहे म्हणून सांभाळून घेतेय."

जन्मापासून 'तू' म्हणणारी पोर 'तुम्ही' म्हणाली, ते त्याला आधी लागलं. बाकीच्याचा अर्थ नंतर हळूहळू उतरला.

पक्ष निवडून आला. मेणबुवाच्या खोलीत दुसरंच कुटुंब राहायला आलं. तो कुठल्या गावी गेला, कवळीवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. समोरच्या बाकावर दुसरा माणूस त्यानं ठेवला नाही. काम दुप्पट पडायचं, तो एकटाच ओढायचा.

लेकीला पक्षाच्या कार्यालयात टेबल मिळालं. पेठेतली मोठी माणसं तिला ताई म्हणू लागली. घरी ती आईला मदत करायची, बापाला गरम वाढायची, तब्येतीची चौकशी करायची. कुणीही म्हणावं, लेक असावी तर अशी. ताटावर आता तीच बोलायची. बायको खाली बघून जेवायची.

"आज कारखान्यात कोण कोण आलं होतं?" लेकीनं एकदा विचारलं. मग रोजच विचारू लागली.

तो सांगायचा. अमुक डॉक्टरांचा माणूस, तमुक गल्लीतली म्हातारी.

"काय बोलत होते?"

कवळीवाला घास खूप वेळ चावत राहायचा. ती थांबायची. तिला कधीच घाई नसायची.

"दातांचंच," तो म्हणायचा.