कुसुमचा बांदा आणि माझं शास्त्र

सौंसरला, म्हणजे सासुरवाडीला, जायचा निर्णय माझा नव्हता, कुसुमचा होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतर तिने माहेरच्या आंब्यावरून एक बांदा आणला होता. बांदा म्हणजे मातीशिवाय, मुळांनी फांदी घट्ट धरून वाढणारं आपल्याकडचं ऑर्किड. मी नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, म्हणून रोप आपोआप माझ्या ताब्यात आलं. चार वर्षांत एक फूल नाही. त्या डिसेंबरात मुळं काळी पडली, तेव्हा कुसुम म्हणाली, "तुमचं शास्त्र पुरे. मरायच्या आत माझं रोप दादाकडे नेऊन द्या."

शहाण्या माणसाने नागपूरहून थेट सौंसरची बस धरावी. मी कुंडीला धक्के नकोत म्हणून पॅसेंजरने पांढुर्ण्याला उतरलो आणि तिथून शेवटी बसनेच गेलो. स्टॅण्डवरचा आलुबोंडा गरम होता, तेवढंच पांढुर्ण्याबद्दल त्या दिवशी चांगलं बोलता येईल. बस तासभर उशिरा आली आणि पुढे कापसाच्या बैलगाड्यांमागे रांगत राहिली.

शेजारी सावरगावचे एक म्हातारे बसले होते. "मास्तर, हे बांडगूळ घेऊन कुठं चालले जी?"

बांडगूळ झाडाचा रस शोषतं, बांदा नुसता फांदीवर बसतो, हे मी त्यांना सौंसर येईपर्यंत समजावलं. उतरताना ते म्हणाले, "हाव जी. पन बांडगूळ जिवंत तरी राहते."

कुसुमचे दादा, गुलाबराव, स्टॅण्डवर आले होते. त्यांच्या संत्र्याच्या बागेत शिरलो आणि मला मनातून हसूच आलं. पानं मलूल, जमीन भेगाळलेली, विहीर भरलेली असून पाटात थेंब नाही. या आळशी माणसाकडे मी रोप सोपवणार होतो!

"बाग वाळवताय की काय?" मी विचारलं.

"ताण देऊन राहिलो, भाऊजी. पानी तोडलं का झाड घाबरते, मंग फुलते." मग त्यांनी कुंडीतला लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, ओलं शेवाळ उपसलं. दमट राहावं म्हणून मी वर गुंडाळलेलं प्लास्टिकही काढलं. "पानी कितीदा टाकता जी?"

"रोज दोनदा. उष्ण प्रदेशातलं ऑर्किड आहे, त्याला दमट हवा आणि सावली लागते. पुस्तकात आहे."

"पुस्तक कुठल्या जंगलातलं? आमच्या आंब्यावर हिवाळाभर कोन पानी टाकते? बुडवून मारून राहिले तुम्ही त्याले."

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली, राग मागून आला.

त्यांनी सडकी मुळं कापली, उरलेल्या तीन हिरव्या मुळांसह रोप आंब्याच्या उजेडाकडच्या फांदीवर काथ्याने बांधलं. माती नाही, खत नाही, शेवाळ नाही. "जखम सुकू द्या. आठ दिवसानं सकाळी थोडंसं शिंपडीन, मंग उन्हाळ्यापर्यंत बंद." लावणाऱ्यांनी एवढंच लिहून घ्यावं, बाकीचं माझ्याकडून शिकू नये.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. निघताना मी हळूच विचारलं, "जगलं तर परत नेऊ?"

"कोनाच्या घरी? त्याचं घर त हेच हाय," गुलाबराव म्हणाले.

घरी रिकामी कुंडी घेऊन पोचलो. कुसुमने ती माझ्या हातातून घेतली, धुतली आणि तिच्यात कोथिंबीर पेरली. वर्गात ऑर्किडचा धडा मी त्या वर्षी घाईत उरकला.

मे महिन्यात पोस्टकार्ड आलं: 'बांद्याले फूल आलं. बाईले पाठवा. तुम्ही आले तरी चालते, पन हात नका लावू.'

या वेळी थेट बस धरली. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, मधे निळी जीभ, आणि आंब्याखाली गोड वास. कुसुम फांदीला गाल लावून रडली. मी दोन पावलं मागे, दोन्ही हात खिशात घालून उभा होतो.